थंड असताना धरणारे

कापडणीसांनी चहाचा ग्लास बाजूला सारला
आणि काउंटरवर तीन खोकी मांडली.
वडाळा नाक्याच्या त्या गल्लीत दुपारी दोनलाही
कुठेतरी ग्राइंडर किंचाळत असतो.
त्याच्यावर आवाज चढवून ते म्हणाले,
"बाई, गाडी कुठं चालवता, ते आधी सांगा."

सोपा प्रश्न होता. मला उत्तर येईना.

जुन्या पॅडांवर नखाएवढा मसाला उरलेला,
डिस्कवर निळसर वलय,
रिकामा तवा गॅसवर विसरल्यावर येतं तसं.
ते कसाऱ्याचं. मागच्या महिन्यातला रविवार.
उतारावर चौथ्यांदा पाय दाबला
आणि पेडल रश्श्यात बुडालेल्या पावासारखं आत गेलं.
गाडी थांबली.
थांबली म्हणजे,
पुढच्या टँकरच्या पाठीवरचा मोबाइल नंबर
मला अजून पाठ आहे.

शेजारी अण्णा होते.
एसटीत एकतीस वर्षं, पेठ डेपो,
सावळ घाट त्यांना घरच्या जिन्यासारखा.
ओरडले नाहीत. फक्त उजवा पाय
समोरच्या चटईवर दाबून धरला
आणि टँकर दूर गेल्यावर म्हणाले,
"गिअर कशाला दिलेत मग कंपनीने?"

पहिलं खोकं लाल. रेसवाल्यांचं.
कितीही तापू दे, सोडणार नाही.
"पण गार असताना धरत नाही," कापडणीस म्हणाले,
"निफाडला पारा सहावर जातो तेव्हा
पहिले दोन सिग्नल देवाच्या भरवशावर."
मी तरी तेच खोकं हातात घेतलं.
जड होतं. छान जड.
या गाडीचे हप्ते मी एकटीने फेडलेत,
तिचा एक्झॉस्ट सोसायटीला आवडत नाही,
आणि लाल रंग तिला शोभतो.

मग महिना मोजला.
सव्वीस दिवस इंदिरानगरचा बोगदा, पहिल्या गिअरमध्ये.
पाथर्डी फाट्यावर उलट्या बाजूने येणारी रिक्षा,
विल्होळीजवळ मनात येईल तेव्हा वळणारा ट्रॅक्टर,
गोंद्याला सातच्या शिफ्टचं गेट.
घाट उरला एक रविवार,
तोही अण्णांचा गुडघा बरा असेल तर.

तिसरं खोकं कंपनीचं, गुपचूप थांबणारं.
ते मी उघडलंसुद्धा नाही.

"मधलं द्या."
"काळी भुकटी पडेल. चाकं दर आठवड्याला धुवावी लागतील.
सकाळी जरा कुरकुरतील."
"कुरकुरू देत. थंड असताना धरतील ना?"
"पहिल्या दाबाला."
मग चष्मा कपाळावर ढकलून,
"आणि ऑइल बदला. पॅड कितीही भारी घ्या,
आतलं तेल उकळलं की पाय भुईलाच."

पहाटे साडेपाच, गिरणारे रस्ता.
नवे पॅड डिस्कवर बसवायचे:
ऐंशीवरून वीसवर, दहा वेळा,
आणि मध्ये कुठेही पूर्ण थांबायचं नाही,
नाहीतर तापलेल्या डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो
आणि तो मग प्रत्येक ब्रेकला पायाला सांगत राहतो.
अण्णा मोजत होते.
दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, तारांवर दव,
टोमॅटोची पिकअप शिव्या देत पुढे गेली.
सहा. सात.
नवव्याला जळका वास आला, कसाऱ्यासारखाच,
पण पेडल दगडासारखं वर.

"दहा. घे आता टपरीवर. चहा."
"नाही अण्णा, पंधरा मिनिटं नुसतं चालवायचं.
गार होईपर्यंत थांबता येत नाही."
ते टपरी मागे जाताना बघत राहिले,
स्टोव्ह, वाफ, बाकावर दोन मफलर.
"साडेसात हजारांचे ब्रेक," ते म्हणाले,
"आणि थांबता येत नाही."

त्यांच्या बाजूच्या चटईला टाचेपुढे भोक पडत चाललंय.
समोर कुत्रं आडवं आलं, मी हलकेच पाय ठेवला,
गाडीने लगेच ऐकलं.
त्यांनीही दाबला होता.