सात मिनिटं पंधरा सेकंद

वाद घालायचं काम माझं नाही.
माझ्याकडे फक्त मोबाइलमधलं घड्याळ
आणि दोन तळहात.
पहिलं मिनिट सरलं की एक टाळी: आता तिला अडवता येईल.
सहावं सरलं की पुन्हा एक: आता खाली बसा, तिला आवरू द्या.
सातव्याला दोन.
वर पंधरा सेकंदांची सवलत,
बाजारात मापावर मूठभर वाढवतात तशी.
मग परीक्षक पेन खाली ठेवतात,
मी टाळ्या वाजवत राहायचं,
आणि त्यानंतर बोललेलं
बोललेलं नसतं.

नाकुरू. रविवार सकाळ. रसायनशास्त्राची खोली,
बिघडलेल्या नळांना पिशव्या बांधलेल्या.
चार जोड्या: दोन सरकारच्या, दोन विरोधी.
कोण कुठल्या बाजूला, हे चिठ्ठी ठरवते.
पावणेनऊला अंगणात ठराव वाचला गेला:
वाढत्या सरोवरांकाठची गावं सरकारने,
गरज पडल्यास सक्तीने, हलवावीत.
तयारीला पंधरा मिनिटं. फोन बंद,
जिन्याखाली दोघादोघांची कुजबुज.

नाइसुला लेकोसेकला सरकार आलं.
बारिंगोकाठची. पहाटेच्या मटाटूत माझ्या शेजारी होती,
पायांत चपला, मांडीवर बूट.
वाटेत एवढंच म्हणाली, की बूट भिजलेले आवडत नाहीत.

पंतप्रधान म्हणून ती उठली.
आधी व्याख्या: गाव म्हणजे काय,
सक्ती कुठून सुरू होते,
हलवणं म्हणजे किती किलोमीटर.
मग शाळा, मगरी, कॉलरा, खर्च.
एकही शब्द घसरला नाही.

ओदुओर उठला, एक हात डोक्यावर, दुसरा पुढे पसरलेला.
(कुठल्याशा जुन्या सभागृहात म्हणे केसांचे टोप घसरायचे.
टोप गेले, हात राहिला.)
'नको, आभारी आहे.'
तो बसला. चेबेत उठली.
'घेते.'
'सन्माननीय पंतप्रधान अशा एखाद्या गावात
कधी पाय भिजवायला तरी गेल्या आहेत का?'
बाकं वाजली. हशा.
नाइसुलाने पाण्याचा घोट घेतला.
'बोलणारी कोण, यावरून मुद्दा खरा ठरत नाही,'
म्हणाली, आणि खर्चावर परत आली.

सहा. टाळी.
सात. दोन टाळ्या.
सात पंधरा.
परीक्षकांची तिन्ही पेनं टेबलावर,
एक घरंगळून बेसिनमध्ये.

मग ती म्हणाली,
'संमतीच्या कागदावर
बापाचा अंगठा मी धरून टेकवला.
तो हात ओढत होता.
अर्धी शाई कागदावर, अर्धी माझ्या मनगटावर.
गावं हलवायलाच हवीत, अध्यक्ष महोदय.
फक्त त्याला
माझ्याविरुद्ध बोलायला
कुणी सात मिनिटं दिली नव्हती.'

टाळ्या वाजवायच्या होत्या.
माझे तळहात एकमेकांसमोर
नुसतेच थांबलेले.
ओदुओर पुढच्या भाषणाचे कागद लावत होता.
परीक्षक बेसिनमधलं पेन काढत होत्या.

निकाल: चारांत दुसरी.
न्झिसाबाई चष्मा पुसत म्हणाल्या,
'मांडणी स्वच्छ. पण माणसं दिसली नाहीत.
पुढच्या वेळी एखादं खरं उदाहरण आण.'
नाइसुलाने वहीत लिहिलं: उदाहरण.
खाली रेघ मारली.

बाहेर मंदाझीच्या रांगेत तिने विचारलं,
'किती झाली होती?'
'सात बेचाळीस.'
'आणि तू लिहिलीस किती?'
'सात पंधरा.'
'बरं केलंस,' ती म्हणाली,
आणि कागदात गुंडाळलेली गरम मंदाझी
माझ्या तळहातावर ठेवून
दुसऱ्या फेरीचा ठराव ऐकायला पळाली.
गणवेश असावा की नसावा.
या वेळी ती विरोधात होती.