चकची चावी

मी निवृत्ती चव्हाणके. नाव जन्मापासून हेच,
कंपनीने अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याचा अर्थ लावून दिला.
आता दहा ते पाच वडनेऱ्यांचं घर दाखवतो.
तांबट आळी. चपला बाहेर. भिंतींना हात लावू नये.

घर छान ठेवलंय, खोटं कशाला बोला.
खांबांना तेल, खिडक्यांना नव्या काचा,
फरशीत आपलेच पाय दिसतात.
एवढी स्वच्छ ही ओसरी कधीच नव्हती.
इथे घोट्याएवढा कीस असायचा, निळा, वळलेला, गरम,
आणि कटिंग ऑइलचा वास,
तो सरूकाकूंच्या आमटीलाही यायचा.
त्या आधी पिठावरून लोहचुंबक फिरवायच्या
मगच पाणी घालायच्या.
तो लोहचुंबक इथे मांडलेला नाही.
विचारलं तर मॅडम म्हणाल्या, यादीत नाही.

यादीत लेथ आहे.
बटाल्याचा, साडेचार फुटी, पट्ट्यावरचा.
सुरू केला की अख्ख्या आळीचे दिवे मान खाली घालत,
समोरचा रेडिओ खरखरे,
आणि शेजारचे तांब्यावरचे हातोडे क्षणभर थांबत,
बहुतेक चिडून.
पाटीवर लिहिलंय : दिगंबर वडनेरे यांनी येथे एकट्याने.
मी पाटी वाचून दाखवत नाही.
लोकांना वाचता येतं.

एक गोष्ट मात्र सोसत नाही.
चकमध्ये चावी खोचून ठेवलीय.
फोटोत बरी दिसते म्हणे,
कारागीर नुकताच उठून गेलाय असं वाटतं.
अहो, कारागीर असा उठून जात नाही.
मोटार काढून नेलीय, पट्टा नाही, वायर नाही,
हे मशीन आता जन्मात फिरणार नाही, कळतं मला.
तरी रोज कुलूप उघडलं की आधी ती चावी काढतो
आणि देव्हाऱ्यात ठेवतो, बाळकृष्णाच्या डाव्या हाताला.
दर सोमवारी मॅडम येतात, परत चकमध्ये लावतात.
यावर आमचं बोलणं होत नाही.

मधल्या खांबाला एक खळी आहे, अंगठा बसेल एवढी.
माहितीपत्रकात छापलंय, पाळण्याची कडी निखळल्याची खूण.
पाळणा आतल्या खोलीत होता.

सातपूरला शेड व्हायच्या आधीची गोष्ट.
उद्या सकाळी माल द्यायचा होता, रात्रीचे अकरा.
दिगूशेठनी जॉब बांधला, चावी विसरले, खटका दाबला.
मी चौदाचा. या खांबाला टेकून पितळी झडपा मोजत होतो.
सत्तावीस झाल्या होत्या.
आधी आवाज आला की वारा, अजून सांगता येत नाही.
मशीन थांबलं.
त्यांनी येऊन माझा कान धरला,
रागाने नाही, आहे का ते बघायला.
मग तिथेच किसात बसले, पांढऱ्या पायजम्यानिशी.
सरूकाकूंनी पिठाच्या हाताने चावी खांबातून उपटली,
देवांपुढे ठेवली, म्हणाल्या,
आता हिला मागून घ्यायचं. दर वेळी.

मागून घेतली.
शेठनीसुद्धा, टोपी काढून.
सातपूरला तीन प्लँट झाले, कॉम्प्युटरवरची मशीनं आली,
दार लागल्याशिवाय ती फिरतच नाहीत.
तिथल्या पोरांना मी ही गोष्ट सांगितली नाही.
सांगून काय, त्यांच्याकडे चावीच नाही.

काल अंबडच्या शाळेची सहल आली.
चिवड्याच्या पुड्या, गोंगाट, बाई ओरडून घामाघूम.
एक किडकिडीत पोरगं त्यातून सुटून
मधल्या खांबाला पाठ लावून उभं राहिलं,
वहीत लेथचं चित्र काढत.
चांगलं काढत होतं. चावीसकट.
खळी त्याच्या कानापासून दोन बोटं.
सोमवार होता.

मोटार नाही. पट्टा नाही. वायर नाही.
"बाळा," मी म्हटलं,
"जरा इकडे सरक."