श्वास मोजताना सांगू नये

पहिल्या दिवशी बाईंनी घड्याळं वाटली,
स्वस्त, निळ्या पट्ट्याची, सेकंदकाटा असलेली.
आम्ही अकराजण, चर्चमागच्या खोलीत.
बाहेर मोखोत्लोंगचे डोंगर आणि बांधलेली तीन तट्टं,
आत पत्र्याच्या शेगडीत शेणी धुमसत होत्या.
"नाडी अंगठ्यानं बघू नका," मात्शेपो बाई म्हणाल्या.
"अंगठ्याला स्वतःची नाडी असते.
दुसऱ्याचं ऐकायला जाल
आणि आपलंच ऐकून याल."

मी सात वर्षं मेंढ्या राखल्या होत्या.
मोजणं मला नवं नव्हतं:
धुक्यातून दरीत उतरणारा कळप,
एक कमी भरली की रात्र बाहेर.
पण मोजलं म्हणून मेंढी लाजत नाही.
माणूस लाजतो.
श्वास मोजतोय म्हटलं
की म्हातारा छाती फुगवतो, पोर दम धरून बसते.
म्हणून मनगट धरायचं, नाडीच बघतोय असं भासवायचं,
आणि नजर हळूच घोंगडीच्या पिनेवर न्यायची.
पिन वर जाते. खाली येते.
तीस सेकंद, मग दुप्पट.
या कामात एवढं एकच खोटं माफ.

पुस्तकातले आकडे समुद्रकाठचे होते.
"इथं एक्क्याण्णव दिसलं तर दचकू नका.
आधी चेहरा बघा.
मग त्याची गार बोटं चोळून यंत्र पुन्हा लावा."

संत्री मिळाली नाहीत, सुया बटाट्यांत टोचल्या.
बटाटा ओरडत नाही, हा त्याचा गुण आणि तोच दोष.
आठवड्यानं माझ्या रुग्णाला कोंब फुटले.

गोळ्यांच्या तासाला पाच बोटं.
गोळी तीच ना, किती, कुठून द्यायची, केव्हा,
पण सगळ्यांआधी अंगठा: माणूस तोच ना?
"ओळखीचा असला तरी नाव विचारा.
सख्खा भाऊ असला तरी.
एकदा वॉर्डात दोन पुलेंग होत्या..."
बाई तिथंच थांबल्या.
खडू हातात तसाच राहिला,
आणि मग त्या फळा पुसायला लागल्या,
ज्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

परीक्षेदिवशी खिंड बर्फानं बंद. रुग्ण आलाच नाही.
बाईंनी स्वतःची बाही वर केली. मला बोलावलं.
पट्टा फुगवला, हवा सोडली, काटा उतरू लागला.
पहिला ठोका एकशे अठ्ठ्याहत्तरला.
शेवटचा एकशे सहाला.
पाच मिनिटं थांबून पुन्हा. तेच.
एकशे चाळीस लिहायला माझा हात शिवशिवला.
"ऐकलंस ते लिही," त्या म्हणाल्या, "हवंय ते नको."

लिहिलं.

मग त्यांनी पिशवीतून आपली बुकाना काढली,
दवाखान्याची वही, कोपरे झिजलेली,
आणि गोळ्यांचं पाकीट. तारखा उलटलेल्या,
गोळ्या जागच्या जागी.
"दे आता."

मी पाणी ओतलं. गोळी काढली.
तेवढ्यात अंगठा आठवला.
वहीवरचं नाव आमच्या बाईंचं नव्हतंच.
"नाव सांगा," मी म्हणालो.
मागे दहाजण फिसकन हसले.
बाई हसल्या नाहीत.

मात्शेपो, म्हणजे त्शेपोची आई:
हे नाव सासरनं दिलेलं, लग्नातच,
त्शेपोचा पत्ता नसताना.
"पोन्त्शो," त्या म्हणाल्या,
आणि कुणी पलीकडच्या डोंगरावरून हाक मारावी
तसं खिडकीकडे बघितलं.
"पोन्त्शो रामोहापी."

वहीशी ताडून पाहिलं. बरोबर.
गोळी तळहातावर ठेवली,
गिळेपर्यंत समोर उभा राहिलो,
वहीत वेळ लिहिली,
ग्लास परत घेताना मनगट जरा जास्त वेळ धरलं.

त्यांना कळलं असणार.
पिन तशीच वर गेली, खाली आली.