मापं घेताना

टेपचं एक टोक शांतवन अमोलिकांच्या अंगठ्याखाली,
दुसरं माझ्याकडे.
वेदीमागच्या भिंतीपासून दारापर्यंत
एकोणपन्नास फूट साडेसात इंच.
"आठ लिहा की. देवाला चालतं."
मी साडेसातच लिहिते.

कोलशेतच्या खाडीकडे पाठ करून बसलेलं हे चर्च.
नकाशा बोटीतून आला होता,
काढणाऱ्यानं ठाणं कधी पाहिलं नव्हतं.
छपराला साठ अंशांचा उतार,
का, तर बर्फ साचू नये.
दीडशे वर्षं छप्पर बर्फाच्या तयारीत आहे.
आजवर त्यावरून घसरली
पिंपळाची पानं, माकडं,
आणि एकदा कटलेल्या पतंगामागे गेलेला मुलगा.
वाचला तो.
आज टेपचं टोक धरून उभा आहे.

भिंतींना बाहेरून दगडी टेकू, दर आठ फुटांवर,
ओझं येणार म्हणून खांदा देऊन थांबलेले हमाल.
ओझं काही आलं नाही.
वर सागाचं लाकूड आणि मंगलोरी कौलं,
तेवढं तर भिंती एकट्याच पेलतात.

खिडक्या भाल्याच्या पात्यासारख्या.
काचेतल्या मेंढपाळाच्या पायाशी
एक तुकडा नंतर बसवलेला,
सोड्याच्या बाटलीचा.
सकाळी सव्वानऊला सगळ्यांत लांब जातो
तो हिरवाच,
थेट तिसऱ्या बाकापर्यंत.

शिडी लावून मी कैचीपाशी पोचते.
वटवाघळांचा वास, आणि धूळ इतकी
की आधी फुंकर मारावी लागते.
मग दिसतं:
प्रत्येक सांध्यावर पटाशीनं कोरलेलं मोडी.
पूर्व तीन. पूर्व चार. पूर्व पाच.
खाली जमिनीवर जोडून पाहिलेलं,
मग सुटं करून वर चढवलेलं.
एका तुळईवर सात खोडून आठ केलाय,
आणि शेजारी काहीतरी आहे,
शिवी असावी, किंवा गावाचं नाव.
मला मोडी तेवढं येत नाही.

नकाशात लांबी पन्नास फूट.
साडेचार इंच कुठे गेले?
"सुताराची वीत लहान असेल," खालून अमोलिक.
"नाहीतर साहेबाची मोठी."

वहीत लिहिते: तफावत साडेचार इंच.
कारणाचा रकाना तसाच ठेवते.
खाली उतरून मान हलवते,
ते अंगठा उचलतात,
आणि टेप सरसरत येतो माझ्याकडे
अख्ख्या चर्चमधून,
फरशीवरचा हिरवा तुकडा ओलांडून.