हळू ठेवा

खोकं आलं केळीच्या वखारीतून.
बाजूला छापलेलं : नाजूक माल. हळू ठेवा.
कापण्याआधी ते वर्गाने वाचलं,
म्हणजे सात जणांनी वाचलं,
बाकीच्यांनी ओठ हलवले.
मग पुठ्ठ्याचे चौकोन, वर काळ्या शाईची अक्षरं,
काना, मात्रा, वेलांट्या वेगळ्या.
कात्रीचा फोड बोटावर अजून आहे.
छापील बाजू मात्र कापवेना.

चोपड्याच्या पुढे, अनेर ओलांडायच्या आधी
उजवीकडे लागते ती शाळा. पाचवीचा वर्ग.
भिंतीवरच्या तक्त्यात भटू कोळी
तीन वर्षं ‘शब्द’ या रकान्यात उभा.
त्याच्यावर ‘परिच्छेद’, त्याच्यावर ‘गोष्ट’.
मजले आहेत, जिना काढायचा राहून गेला.

दुपारी पुस्तकं मिटतात.
फरशीवर अक्षरं सांडतात, बाजूला चिंचोक्यांची ढिगुळी.
मी मांडते केळ.
क उचला, व ठेवा : वेळ.
व उचला, ख ठेवा : खेळ.
‘मेळ!’ ‘बेळ!’
बेळ असतो का? भांडण. शब्दकोश उघडतो,
माझ्या सांगण्याने कधी उघडला नव्हता.
निकिता मातीचा काना चोरते,
माती शहाणी होते : मती.
गुमान पावरा काना घेतो, मात्रा घेतो,
मती चमकते : मोती.
पाच चिंचोके त्याचे.

ळ तेवढा जागचा हलत नाही.
मुलं वाचतात केय, वेय, खेय.
घरी डोळा डोया असतो, शाळा शाया,
त्या घरांत या अक्षराला पाट मांडलेला नाही.
मी मिरजेची. पहिल्या वर्षी लाल पेनाने
ळ गिरवून घ्यायचे वहीभर.
वह्या भरल्या. एवढंच झालं.

एका शुक्रवारी भटूने लावलं
क, मग थ, थला काना.
‘कथा! छान. कथा म्हणजे काय रे?’
मी एक राजा तयार ठेवला होता, दोन राण्या.
तो म्हणाला,
‘माय इचारस ना, कथा जाई राह्यना रे? ते कथा.’
कोणी हसलं नाही. वर्गाला ठाऊकच होतं
कथा म्हणजे कुठे.
ठाऊक नव्हतं ते एकट्या मला,
डी.एड. पहिला वर्ग, अकरा वर्षं नोकरी.

त्या दिवशी नियम बदलला :
एका शब्दाचे दोन अर्थ, दुप्पट चिंचोके.
निकिताने वावर लावलं. पुस्तकातलं वावर म्हणजे ये-जा,
तिच्या बापाचं वावर म्हणजे अडीच एकर कापूस.
सोमवारी मुलं खिशातून शब्द काढू लागली,
आजीचे, ट्रॅक्टरवाल्याचे, एक तर शिवीच होती,
तिचेही दोन अर्थ निघाले,
मी चिंचोके दिले, काय करणार.
भटू धड्यातून बोट फिरवत जायचा,
दुहेरी शब्द हुडकत, रांगेने, न थांबता,
आपण वाचतोय हे त्याच्या लक्षात आलं नाही.
मीही बोलले नाही.

शाळा सुटल्यावर तो चिंचोके गोळा करायला थांबला.
मी हजेरी भरत होते.
फरशीवर त्याने मांडलं क, ओकार, ळ, वेलांटी.
‘कोयी,’ तो म्हणाला.
मग कितीतरी वेळ बघत राहिला.
जीभ टाळूकडे वळवून पाहिली,
दार ढकलून बघावं तशी.
‘को... ळी.’
‘मॅडम, हाई मनं आडनाव शे.’
‘शे ना.’
दप्तर उचललं, पळाला.

दुसऱ्या दिवशी मोजले तर एक ळ कमी.
मी विचारलं नाही. भटू खिशावर हात ठेवून
पाठ्यपुस्तकात फार गुंतला होता.
नवा करायला पुठ्ठा शिल्लक नव्हता,
म्हणून ती छापील बाजू घेतली,
‘हळू’मधला ळ कापला,
खालचा उकार खडूने पुसट केला.
तक्त्यात भटू अजून ‘शब्द’मध्येच आहे.
पुढची तपासणी मार्चमध्ये.