पावणेनऊची तक्रार

तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा एल्फ्रीडेनं
मी दार वाजवण्याआधीच कॉफी ओतून ठेवली होती.
"पोरा, तुझं यंत्र माझ्यावर रुसलंय.
दिवसभर शहाण्यासारखं वागतं.
रात्री पावणेनऊ झाले की जातं."

सारेमा बेटाच्या ह्या टोकाला
माझ्या वाट्याला येतात त्या तक्रारी ठरलेल्या:
कुणाची वायर उंदरानं कुरतडलेली,
कुणाचा राउटर माशांच्या डब्यांमागे, पत्र्याच्या कपाटात,
कुणाची त्या लुकलुकीनं झोप मोडते
म्हणून त्याला घातलेली लोकरीची टोपी.
मी टोपी काढतो. पंधरा युरो घेतो.
कधी कधी घेतही नाही.

पण पावणेनऊ?
घड्याळ बघून बिघडणारं यंत्र
मी तरी पाहिलं नव्हतं.

पहिल्या खेपेला वायर बदलली.
दुसऱ्या खेपेला चॅनल, एकवरून सहा, सहावरून अकरा,
आजारी माणसाला ह्या कुशीवरून त्या कुशीवर
वळवत राहावं तसं.
कंपनीत फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली,
बंद करून चालू करून पाहिलंत का?
पाहिलं, बाई.
घरात शिरताना पाय पुसावेत
तसं आधी तेच केलं.

खांबापासून भिंतीपर्यंत सगळं ठणठणीत.
आडात भरपूर होतं,
पोहोऱ्यात येत नव्हतं.

म्हणून आज रात्रीचाच आलो.
नोव्हेंबर. चारलाच दिवस मिटलेला,
जुनिपरच्या झुडपांत वारा अडकून पडलेला.
मी स्वयंपाकघरात, स्टुलावर, हातात मीटर.
पावणेनऊला टॅबलेट वाजला.
तुर्कूच्या जहाजकारखान्यातून आर्दो,
कपाळावर वेल्डिंगच्या मुखवट्याचा वळ.
"आई, जेवलीस का?"
"जेवले," म्हणत ती उठली,
कपभर दूध मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं,
आणि खटका फिरवला.

घर्रर्र.
मीटरवरची हिरवी रेघ आडवी झाली.
आर्दो तोंड अर्धं उघडून
होता तिथेच थिजला.

काखेत कळसा.
आणि मी सबंध गावाला तीन वळसे घालून आलेलो.

तिला समजावलं: दोघांचा सूर एकच,
तुमच्या ह्या डब्याच्या दाराची पट्टी झिजलीय,
तो चालू झाला की राउटरचं बोलणं
कुणालाच ऐकू जात नाही.
दुसरी लहर आहे, वेगवान,
पण घराच्या मधोमध ही दगडी शेगडी,
तिच्याशी येऊन ती
नव्या सुनेसारखी संकोचून उभी राहते.
तर दूध चुलीवर तापवा.
नाहीतर नऊनंतर.

तिचं लक्ष पडद्याकडे.
"असा किती वेळ असतो रे तो?"
"दूध तापेपर्यंत. दोन मिनिटं."
"बोलत असतो ना, तेव्हा सारखा इकडेतिकडे बघतो.
कुणीतरी हाक मारतं, हा उठतो,
मला तिथलं छत दिसतं, पंखा दिसतो.
असा थांबला की
हनुवटीवरची खूण तरी नीट बघता येते.
सात वर्षांचा होता. गोठलेल्या खाडीवर पडलेला."

टिंग.
"आई? ऐकू येतंय का? कुठे गेलीस?"
"इथेच होते," ती म्हणाली,
आणि दुधावरची साय चमच्यानं बाजूला केली.

फॉर्मवर लिहिलं: बिघाड, सापडला.
उपाय ह्या रकान्यापाशी
पेन्सिल बराच वेळ रेंगाळली.
शेवटी लिहिलं, ग्राहकाला कल्पना दिली आहे.
पैशांऐवजी तिनं राईचा काळा पाव दिला, अजून कोमट,
आणि दारातून हळूच विचारलं,
"आठवड्यातून एकदा तापवलं तर चालेल ना?"
मी तंत्रज्ञ आहे.
चालेल म्हणालो.

गाडीत बसतो तोच पलीकडच्या वाडीवरून फोन,
नेट गेलंय, ताबडतोब या.
म्हटलं, आधी सांगा, टोपी घातलीय का?
"कुणी? कुणाला?"
म्हातारा चांगलाच उखडला.