दुसरा शनिवार, सात वाजता

खुर्च्या मी मांडतो. बावीसच भरतात
हे ठाऊक असून चाळीस.
फळ्यावर दुपारच्या वर्गाचा लसावि तसाच,
शेजारी आमची सूचना: प्रश्न थोडक्यात विचारावेत,
आठवणी सांगू नयेत.

आज रातव्यावर. वक्त्या शर्वाणी उकिडवे,
बुटांना वेताळ टेकडीचा मुरूम.
म्हणाल्या, या चित्रात पक्षी आहे, शोधा.

पडद्यावर पाचोळा, गिरिपुष्पाच्या काटक्या, खडे.
आगाशे उठून एका दगडावर
बोट ठेवून आले.
मागून कुणी म्हणालं, तो नव्हे हो, शेजारचा.
मग कुणीच काही म्हणेना.
बावीस माणसं, हातभर उघडी जमीन,
आणि पंख्याची कुरकुर.

तेवढ्यात शिपाई दारात, किल्ल्या वाजवत. साडेआठ.
दिवे लागले, चित्र फिकुटलं,
उत्तर राहूनच गेलं.
जिन्यात आगाशे सांगत होते,
सत्तर साली, पाषाणच्या रस्त्याला, सायकलवर असताना...
जिन्याला सूचना लागू नाही.

खुर्च्या रचून मी पायथ्याच्या वाटेने निघालो,
बॅटरीचा उजेड पावलापुरता.
वाट दहा मिनिटांची.
आज पंचवीस लागली.
दिसेल त्या दगडाला
वळसा घालत.